पैलवानाची पिल्लं

भाचीने दोन ससे मावशीकडे आणून सोडले तेव्हा छातीठोक सांगितलं होतं, "दोघंही नर आहेत. भांडले तर वेगळे ठेव." मग ती नोकरीसाठी परगावी निघून गेली आणि पिंजरा मावशीच्या शिलाई मशीनशेजारी आला. धिप्पाड पांढऱ्याला मावशी पैलवान म्हणायची, पोट सुटलेल्या काळ्याला शेठ.

एका दुपारी पैलवान स्वतःच्याच छातीचे केस उपटायला लागला. गवत तोंडात धरून कोपऱ्यात नेऊन रचायचा आणि शेठ जवळ आला की त्याच्या अंगावर धावून जायचा. खरूज झाली असावी, म्हणून मावशी मलम आणायला गेली. परत येऊन बघते तो केसांच्या ढिगाऱ्यात काहीतरी वळवळत होतं. गुलाबी, उघडंवाघडं, डोळे मिटलेलं.

"अगंबाई, उंदीर!" ती दोन पावलं मागे सरली. मग तिला पैलवानाच्या पायाला लागलेलं रक्त दिसलं.

तिने भाचीला फोन लावला. "अगं, पैलवान व्याला!"

"कोण?"

"पैलवान गं!"

"मावशी, पैलवान नर आहे."

"ते त्याला सांग!"

दुसरा दिवस उजाडला, पण पैलवान काही पिल्लांकडे फिरकेना. निवांत पाला चघळत बसला. म्हणजे बसली. मावशी सारखी पिंजऱ्यात डोकावायला लागली. आईनेच टाकली तर पिल्लं जगणार कशी? तिने दूध कोमट केलं, ड्रॉपर धुऊन घेतला, पण हात लावायचा धीर होईना. शेवटी तिने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला.

"थांबा, काही पाजू नका," बाई म्हणाल्या. "सशाची मादी पिल्लांना कवटाळून बसत नाही. पहाटे कधीतरी येते, दोन मिनिटं पाजते आणि चालती होते. हात धुऊन पोटं बघा. गोल आहेत की सुरकुतलेली?"

"माणसाचा वास लागला तर ती टाकेल ना?"

"नाही टाकत. बघा तुम्ही."

मावशीने केस बाजूला सारले. पोटं टम्म फुगलेली. म्हणजे ही लबाड खरंच येऊन जात होती! मात्र एक पिल्लू सगळ्यांपासून दूर पडलं होतं. गार, ढिलं, पोटाला सुरकुत्या.

"त्याला आधी ऊब द्या," बाई म्हणाल्या. "गार अंगाला दूध पचत नाही. अंग तापलं की आईला धरा आणि त्या एकट्यालाच पाजायला लावा. आणि त्या नराला आजच वेगळा काढा, नाहीतर पुन्हा हेच."

"पण शेठ तरी नक्की शेठच आहे ना?"

बाई हसल्या. "घेऊन या, बघते."

मावशीने पिल्लू छातीशी धरलं. कितीतरी वेळाने ते हललं. तिने पैलवानाला मांडीवर घट्ट धरून पिल्लू आईच्या पोटाशी लावलं. तिने लाथा झाडल्या, मावशीचा हात ओरबाडला, मग गप्प झाली. पिल्लू चुटूचुटू ओढायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने केस पुन्हा बाजूला केले. सगळी एकमेकांवर रचून झोपलेली, सगळी पोटं गोल.

रात्री तिने भाचीला सगळं कळवलं होतं, त्यामुळे तिचा फोन आला. "ते अशक्त पिल्लू कसं आहे?"

मावशीने एकेक उचलून गालाला लावून पाहिलं. सगळी सारखीच गरम.

"बरं असणार," ती म्हणाली, "पण त्यातलं ते कुठलं, हे मला विचारू नकोस."