दुसरं पाकीट

बायको शिवकांता गेल्याचं संगमेश्वरला मोबाइलच्या स्टेटसवरून कळलं. नांदेडच्या दवाखान्यात ती वरच्या मजल्यावर होती आणि तो खाली औषधाच्या दुकानापुढे रांगेत उभा होता. मेव्हणा सोमेश वर बहिणीच्या उशाशी होता. त्याने डोळे पुसायच्या आधी स्टेटस ठेवलं. आधार कार्डावरचा फोटो, दोन्हीकडून गुलाब, खाली समई. तो फोटो शिवकांताला कधीच आवडला नव्हता. त्यात ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसायची. संगमेश्वरने फोन खिशात घातला, पण रांग सोडली नाही. नंबर आल्यावर त्याने तिचं इंजेक्शन विकत घेतलंसुद्धा.

औशाला माती झाली आणि लोक बसायला येऊ लागले. कुणी भाकऱ्या आणल्या, कुणी पिठलं आणलं. कारण मात्र प्रत्येकाने आणलं. एकाच्या मते मोबाइलचा टॉवर, दुसऱ्याच्या मते फ्रीजमधली शिळी कणीक. एका गुरुजींनी गल्लीतल्या बोअरच्या पाण्यावर ठपका ठेवला आणि तेच पाणी तांब्याभर मागून घेतलं. शेवटी निकाल द्यायला संगमेश्वरची थोरली बहीण रुक्मिणबाई पुढे सरकली. गावातल्या सगळ्या मरणांचा निकाल तिच्याकडेच असतो.

"अंगावर काढलं बाईनं, दुसरं काय! पांढरं जाऊन राहिलंय म्हनून धा-बारा वर्षाखाली मला सांगितलं व्हतं तिनं. म्या म्हनलं, बायाला असतंयच. पर तिनं दवाखान्यात जायाचं का न्हाई?"

"तूच म्हनलीस ना अक्का, असतंयच?" संगमेश्वर म्हणाला.

"म्या म्हनलं. माझं ऐकायचं कशाला तिनं?"

बायकांनी माना हलवल्या.

खरं असं होतं की शिवकांता दवाखान्यात गेली होती. कुणाच्या तरी लग्नासाठी साडी बघायची म्हणून एकटी एसटीने लातूरला गेली आणि बाईडॉक्टरकडून गोळ्यांची दोन पाकिटं घेऊन आली. एक तिचं, एक नवऱ्याचं. दोघांनी एकाच दिवशी घ्यायचं, असं डॉक्टरीणबाईंनी चारदा बजावलं होतं. संगमेश्वर हार्वेस्टर चालवायचा. दरवर्षी दोन महिने भातकापणीला तेलंगणात असायचा. तिथे शेतं कापून झाल्यावर तो कुठे जायचा, ते त्याने घरात कधी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. नुसतं पाकीट पुढे केलं.

"रोग तुला आन गोळ्या मला?" तो म्हणाला होता. "उद्या तू बाळंत झालीस तर कळा मला येतेल का?"

हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की पुढचे दोन हंगाम त्याने ते सांगून गड्यांना हसवलं. पाकीट हार्वेस्टरच्या पान्यांच्या डब्यात तसंच पडून राहिलं. शिवकांताने आपलं घेतलं, बरी झाली, तो परतल्यावर पुन्हा तेच. ती पुन्हा लातूरला गेली, पुन्हा दोन पाकिटं आली. तिसऱ्या खेपेला ती गेलीच नाही.

पुढे कॅन्सर निघाला तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी जुने कागद चाळून त्या जंतूचं नाव सांगितलं. क्लॅमिडिया. "हा नवरा-बायकोत फिरत राहतो. एकट्यानेच औषध घेतलं की परत येतो. पुरुषाला बऱ्याचदा कळतही नाही. बाईच्या मात्र आत चढतो, सूज धरून राहते. असा संसर्ग होऊन गेलेल्या बायकांत अंडाशयाचा कॅन्सर थोडा जास्त दिसतो, असं काही अभ्यास सांगतात. काहींत तसं आढळलं नाही. यांना त्याच्यामुळेच झाला, असं मी म्हणू शकत नाही."

"त्याच्यामुळं झाला न्हाई, आसं म्हनता का?" संगमेश्वरने विचारलं होतं.

"तेही म्हणता येत नाही."

इतका शिकलेला माणूस, त्याला खात्री नव्हती. टॉवरवाल्याला होती, अक्काला होती.

"अंगावर काढलं," अक्काने पुन्हा सुरू केलं, तसा संगमेश्वर उठून उभा राहिला.

"तिनं काढलं न्हाई. ती दोनदा गेली. माझ्या वाटनीच्या गोळ्या घिऊन आली. म्या खाल्ल्या न्हाईत."

गुरुजी तांब्या तोंडाला लावून बसले. अक्काने पदर सावरला. "चार मानसांत आसं बोलत्यात व्हय? आब्रू हाय का न्हाई घराला?"

"आतापोतर तिची काढून राहिलीस अक्का. आता घटकाभर माझी काढ."

लोक लवकर उठले. जाताना रिकामे डबे मात्र आठवणीने घेऊन गेले.

मुलगा वीरेश अंगणात हार्वेस्टरला ग्रीस लावत होता. हल्ली तोच तेलंगणात जातो. "अप्पा, लाज घालवलीत लोकांत," तो म्हणाला.

"घालवली. फ्रीजवर गोळ्यांचं पाकीट पडलंय एक."

"सिंधुचं हाय ते." सिंधु म्हणजे त्याची बायको, लग्नाला दोन वर्षं झालेली.

"सिंधुनं तिचं खाल्लं. उरलेलं तुझं."

वीरेश हसला. "दोन देत्यातच हो अप्पा. कंपनीची स्कीम आसंल. मला काय झालंय?"

हे हसणं संगमेश्वरच्या ओळखीचं होतं. बारा वर्षं त्याच्याच तोंडावर होतं.

"मला तर आजूनबी काय झालं न्हाई," तो म्हणाला. "बघ, कसा धडधाकट हाय."

वीरेशचं हसणं थांबलं, पण हात ग्रीसमध्येच राहिले. संगमेश्वर आत गेला, पाकीट आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. वीरेशने हात पुसले, पाणी प्यायला. "बघू," म्हणाला आणि पाकीट परत फ्रीजवर ठेवून आला. दारात सिंधु उभी होती. तिने ते पाहिलं.

हार्वेस्टर सोमवारी निघणार आहे. वीरेशने गोळ्या अजून घेतलेल्या नाहीत.