बिनइस्त्रीचा शर्ट

“दाढी स्वतःची स्वतः करतात?” बाईंनी कागदावरून मान वर न करता विचारलं.

“रोज होते,” मी म्हटलं, आणि चांगल्या तोऱ्यात म्हटलं. खोटं काहीच नव्हतं. दाढी रोज होत होती. करत मी होते, एवढंच. नवऱ्याची दाढी आपण करतो हे परक्या बाईला कोण सांगत बसेल?

सरकारी आरोग्य विम्याच्या कचेरीत आम्ही बसलो होतो. हे लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. त्याच्या पाच महिने आधी यांचा कामावरचा जोडीदार यांच्या डोळ्यांदेखत लिफ्टच्या खड्ड्यात पडला आणि गेला. तेव्हापासून हे बोलायचेच थांबले. झोप नाही, अंघोळीची शुद्ध नाही, दार लावलं की घाम फुटायचा. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी भागणार नाही, मानसतज्ज्ञच हवा. विम्यात त्याच्या बारा भेटी मिळतात, पण आधी तपासणीत पात्र ठरावं लागतं. बाहेर दाखवणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, तेव्हा जे काही होतं ते या टेबलावरच होतं.

आता माझी अक्कल ऐका. एकवीस वर्षं मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करतेय. एका चादरीवर डाग दिसला की अख्खा गठ्ठा परत येतो. हाताला खोडच लागलीय, माझ्याकडून काही मळकं बाहेर जात नाही. तपासणीच्या दिवशी यांना घासूनपुसून अंघोळ घातली, दाढी केली, निळ्या शर्टाला कडक इस्त्री केली, शाळेच्या पहिल्या दिवशी पोराला न्यावं तसं अर्धा तास आधी नेऊन बसवलं.

बाईंनी पुढे विचारलं, जेवण वेळेवर होतं का, बाहेर पडताना कपडे नीट असतात का. मी आपली हो हो करत गेले. यांना काही विचारलं की हे म्हणायचे, “ठीक आहे.” लिफ्ट तपासल्याच्या वहीत जन्मभर तेच लिहीत आले होते.

माणूस जितका परावलंबी तितके गुण जास्त. पंधरा लागत होते, नऊ मिळाले. पत्रात लिहिलं होतं, अर्जदार नीटनेटका, वेळेचे भान असलेला व दैनंदिन व्यवहारास सक्षम आहे, सबब सेवेस अपात्र. माझ्या कानशिलातून वाफा निघायच्या बाकी होत्या. घासापासून मोज्यापर्यंत सगळं मी करायचं, शाबासकी यांना, आणि शिक्षाही यांनाच!

तशीच कचेरीत गेले आणि भांडले. बाई मनाने वाईट नव्हत्या. आजूबाजूला बघून हळूच म्हणाल्या, “ताई, दोन महिन्यांनी पुन्हा अर्ज करा. आणि त्यांना आहेत तसे आणा. तुमची मेहनत घरी ठेवून या.”

घरी ठेवून या म्हणे. जशी काही छत्रीच.

दोन महिने मी हात आवरला. दाढी गळ्यावर उतरली, नखं काळी झाली, कॉलरकडे बघवेना. सकाळी मी रेझर हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे. धाकटी नणंद आली, तिने भावाकडे पाहिलं आणि मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, “वहिनी, दादा जिवंत आहे अजून. टाकलंस का त्याला?” मी भांडी घासत राहिले. यांच्या भल्यासाठीच यांना असं ठेवलंय, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

दुसऱ्या तपासणीच्या सकाळी तोच निळा शर्ट धुण्याच्या ढिगातून काढून यांच्या हातात दिला. वरचं बटण तुटलेलं. यांनी तो उलटसुलट करून पाहिला, इस्त्रीच्या टेबलावर माझ्यासमोर पसरला आणि वाट बघत उभे राहिले.

“असंच जायचंय आज,” मी म्हटलं.

त्यांनी तो तसाच घातला.

कचेरीत तासभर उघडा गळा मुठीत धरून बसले होते. बाई विचारत होत्या, मी सांगत होते. दाढी करत नाहीत. अंघोळ आठ-आठ दिवस नाही. कपड्यांचं भान नाही. भान नाही असं मी म्हणाले तेव्हा यांची मूठ आणखी आवळली. मला ते दिसलं, तरी मी बोलत राहिले. अठरा गुण मिळाले. बाईंनी अभिनंदन केलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मानसतज्ज्ञाच्या पहिल्या भेटीची तारीख दीड महिन्याने मिळाली. त्या दिवशी मी उठून आधी इस्त्री तापत ठेवली. निळा शर्ट धुऊन, बटण लावून तयार होता. कितव्या मजल्यावर जायचं ते बघायला पत्र उघडलं, आणि तळाची बारीक ओळ तेव्हा वाचली. पहिल्या भेटीत पात्रतेची फेरतपासणी होईल. सुधारणा आढळल्यास सेवा बंद करण्यात येईल.

मागे चाहूल लागली. हे न सांगता अंघोळ करून आले होते, केसांतून पाणी गळत होतं. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं. दाढी स्वतः केली होती.

“आज चालेल का गं,” यांनी विचारलं, “नीट दिसलेलं?”

किती महिन्यांनी मला काही विचारत होते.

मी इस्त्रीचं बटण बंद केलं. शर्ट त्यांच्या अंगात चढवला, आणि तपासणाऱ्याच्या नजरेत येणार नाही इतपतच, छातीवरच्या चुण्या तळहाताने सारख्या केल्या.