पंपाखालच्या चकत्या

हात मोडल्याचं थोरलीला एवढं दुःख नव्हतं. हाडं काय, जुळतात. तिच्या डोक्यात तिडीक जायची ती बाबांच्या एका वाक्याने. गेले तीन आठवडे धक्क्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवत होते, "पोरीने अंगठा चुकीचा धरला. किती वेळा सांगितलं होतं."

म्हणे अंगठा चुकीचा धरला. नऊ वर्षं ती नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेत होती. बोटीतलं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन रोज सकाळी हँडल मारून तीच चालू करायची. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला विळखा घालायचा नाही, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. त्या दिवशीही अंगठा जागेवरच होता. हँडल हातातून हिसकलं गेलं, उलटं फिरून आलं आणि मनगटावर बसलं. पण हे ऐकायला वेळ कोणाला होता? खापर फोडायला एक डोकं मिळालं की माणसं पुढचं विचारत नाहीत.

आणि आता बोट धाकट्याला द्यायचं ठरलं होतं. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. आजवर तो बोटीत बसला होता तो फक्त पलीकडे जायला. "हँडल मारायला मनगटात जोर लागतो, बायकांचं काम नाही ते," बाबा म्हणाले आणि आई मूग गिळून बसली. सकाळी नऊला रोजच्या प्रवाशांसमोर बाबा तसं जाहीर करणार होते. दुपारी पंपवाला मिस्त्री इंजिन 'सहज बघायला' येणार होता आणि मग तीन आठवडे बंद असलेली बोट सुटणार होती.

ते 'सहज' थोरलीला खटकलं. इंजिन ठणठणीत होतं ना? चूक तर अंगठ्याची होती. मग मिस्त्री कशाला?

सात वाजताच ती एकटी बोटीत उतरली. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. डाव्या हाताने पाना धरून तिने डिझेलच्या पंपाची नळी सोडवली.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर येताना आतली हवा दाबली जाते, दाबून दाबून भयंकर तापते आणि ऐन क्षणी पंप तिच्यात डिझेलचा फवारा सोडतो. भडका आपोआप उडतो. म्हणजे सगळा खेळ त्या क्षणाचा. फवारा फार आधी पडला तर पिस्टन पुरता वर पोचण्याआधीच भडका उडतो, पिस्टन आल्या वाटेने मागे रेटला जातो आणि हँडल मारणाऱ्याच्या अंगावर येतं. तो क्षण सांभाळतात पंपाखालच्या शिम, म्हणजे कागदासारख्या पातळ पितळी चकत्या. त्यातली एक कमी केली की फवारा थोडा आधी पडतो. हे सगळं तिला बाबांनीच शिकवलं होतं.

तिने गुडघ्याचा आधार देत फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, हळूहळू फिरवलं. पंपाच्या तोंडाशी डिझेल वर चढलं तिथे थांबली. फ्लायव्हीलवरची खूण टॉपच्या, म्हणजे पिस्टन पुरता वर पोचतो त्या जागेच्या, चार बोटं अलीकडे असायला हवी होती. सात बोटं भरली. पुन्हा फिरवलं, सात. तिसऱ्यांदा फिरवलं, सातच. मग तिने पंपाच्या बुडाशी बॅटरीचा झोत टाकला. चार शिमच्या जागी एकच होती.

पंप उघडला होता तिचा हात मोडला त्याच्या आदल्या दिवशी, आणि उघडला होता बाबांनी. दुसऱ्या कोणाला ते पंपाला हातच लावू देत नसत. थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली. तरी तिने स्वतःला बजावलं, वय झालंय, विसरले असतील. विसरले असतील तर हा घोट ती गिळणार होती, कडू लागला तरी. पण माहीत असून गप्प बसले असतील तर?

नळी तिने पुन्हा जोडली नाही. नुसती जागेवर टेकवून ठेवली. आता कोणी शंभर वेळा हँडल मारलं असतं तरी इंजिनात डिझेलचा थेंब पडणार नव्हता.

नऊ वाजता पंधरा-वीस माणसं जमली. बाबांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगायचं ते सांगितलं. अंगठ्याचाही उल्लेख झालाच. दोघा-तिघांनी थोरलीकडे बघून च्-च् केलं.

"मग मार की हँडल," ती धाकट्याला म्हणाली. "सगळ्यांना बघू दे."

"आत्ता नको," बाबा म्हणाले. "मिस्त्री येऊन जाऊ दे."

"का? इंजिनाला काय झालंय?"

"झालं काही नाही. बंद होतं इतके दिवस."

"एवढंच ना?" ती धाकट्याकडे वळली. "तुझा अंगठा तर बरोबर आहे ना रे?"

धाकट्याला ते झोंबलं. पंधरा-वीस माणसं बघत होती. "त्यात काय एवढं, ताई," म्हणत त्याने हँडल उचललं, इंजिनात बसवलं, पाय रोवले आणि वाकला.

थोरली बाबांकडे बघत होती. अजूनही तिला वाटत होतं, ते नुसते उभे राहतील. नुसतं उभं राहावं, एवढंच तिचं मागणं होतं.

बाबांनी झेप घेतली. सत्तरीचा माणूस, पण धाकट्याचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं. "हात लावू नकोस त्याला. उलटं मारेल ते."

थोरलीने नळी उचलून दाखवली. "मारलं नसतं. डिझेलच तोडलंय मी. म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"शिम फाटल्या होत्या," बाबा खाली बघत म्हणाले. "नवीन आणायला शहरात जावं लागलं असतं. म्हटलं, चार दिवस चालेल."

"मी हँडल मारायला वाकले तेव्हा तुम्ही तिथेच उभे होतात. तीन हातांवर."

"तू रोजची मारणारी. वाटलं, सांभाळशील."

"मला सांगितलं असतंत तर सांभाळलं असतं. आणि हात मोडल्यावर? तीन आठवडे माझ्या अंगठ्याची दवंडी पिटत होतात."

धाकटा एकदा तिच्याकडे, एकदा बाबांकडे बघत राहिला.

"ही सगळी माणसं तुमचं ऐकून माझ्याबद्दल हळहळली," ती म्हणाली. "आता यांना सांगा. तुमच्या तोंडाने."

"घरी बोलू."

"इथे सांगा. हात मोडला तो इथेच."

बाबांनी सांगितलं. पुटपुटल्यासारखं, अर्धं गिळून.

"मागच्यांना ऐकू आलं नाही," थोरली म्हणाली.

त्यांनी पुन्हा सांगितलं, या खेपेला मोठ्याने. शिम फाटल्या, मी घातल्या नाहीत, पोरीची काही चूक नव्हती. सगळं ऐकूनही थोरलीचा राग तसूभर उतरला नाही. कारण बोलताना बाबांनी धाकट्याचं मनगट अजून दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवलेलं होतं.