हसण्याचा रकाना

दातांत पेन्सिल आडवी धरून स्वप्नाली ट्रायल रूमच्या आरशासमोर उभी होती. ओठ पेन्सिलीला लागू द्यायचे नाहीत, गाल वर ओढायचे आणि तीस आकडे होईपर्यंत तसंच राहायचं, असा नियम होता. मागं उत्तरेश्वर मोबाइलकडं बघत आकडे मोजत होता. तो दुकानाचा मॅनेजर. आष्टीकडचा, तिच्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा. पण कंपनीची रीत म्हणून सगळे त्याला सर म्हणत.

"अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. सोड."

तिनं पेन्सिल काढली. लाकडावर दातांचे खोल व्रण उमटले होते. उत्तरेश्वरनं ते पाहिले आणि नजर बाजूला घेतली.

"अजून चार दिवस करायचंय," तो म्हणाला. "वरच्यांनी व्हिडिओ मागितलाय. मी काय करू, तूच सांग."

"तुम्ही काही करू नका, सर."

"बघ, आत्ता पण तू अशीच बोलतीस. म्हणून तर शून्य आलं."

स्वप्नालीनं पेन्सिल त्याच्या हातात दिली आणि मुलांच्या कपड्यांच्या मजल्यावर जाऊन विस्कटलेले टी-शर्ट घड्या घालायला घेतले. पहिली घडी इतकी जोरात दाबली की शेजारची रास कलंडली.

कंपनी मोठी. अडीचशे-तीनशे दुकानं, त्यातलं बीडचं एक. दर महिन्याला कंपनी कुणाला तरी गिऱ्हाईक बनवून दुकानात पाठवी. ते कपडे बघायचं, भाव विचारायचं, एखादी वस्तू घेऊन जायचं आणि घरी बसून फॉर्म भरायचं. कोण आलं, कधी आलं, याचा कुणाला पत्ता लागत नसे. या खेपेच्या फॉर्मवर लिहिलं होतं: 'लहान मुलांचा विभाग. कर्मचारी स्वप्ना. हसून स्वागत केलं का? नाही.' स्वप्नाली हे नाव गिऱ्हाइकाच्या तोंडी लांब पडतं, म्हणून बिल्ल्यावर स्वप्ना असं छापलेलं होतं. त्या एका 'नाही'नं बीडचं दुकान विभागात तळाला गेलं आणि सगळ्यांचं दिवाळीचं बक्षीस हुकलं. जेवणाच्या सुट्टीत ज्या पोरी डबा सरकवून तिला जागा करून द्यायच्या, त्या आता तिला बघून बोलणं थांबवत.

फॉर्मवर वार होता बुधवार. त्याच्या आधीच्या शनिवारी स्वप्नालीची आई गेली होती. गावी, युसूफ वडगावला, तीन दिवसांच्या तापानं. सोमवारी सकाळी राख सावडली आणि दुपारी उत्तरेश्वरचा फोन आला. सेल लागलाय, उद्या आली नाहीस तर वरून नाव कमी करतील, माझ्या हातात काही नाही, असं तो म्हणाला. घरात पाहुणे बसलेले होते. वडील, राधाकिशन, भिंतीला टेकून बसले होते. "जा बाई," ते म्हणाले, "रडायला काय, कुठंबी येतंय." मंगळवारच्या पहिल्या एसटीनं ती बीडला आली आणि दहा वाजता कंपनीचा लाल टी-शर्ट घालून मजल्यावर उभी राहिली.

चार दिवसांपूर्वी आई गेलेली बाई हसली नाही, हे कुणीतरी नोंदवून ठेवलं होतं. तो माणूस कोण, एवढंच आता स्वप्नालीला पाहिजे होतं. रात्री खोलीवर स्वयंपाक करताना ती त्याला मनातल्या मनात उभं करी आणि ऐकवी. दर वेळी शब्द वाढत जात.

माग तिला फॉर्ममध्येच सापडला. वेळ दिली होती बारा चाळीस, आणि घेतलेली वस्तू: दोन वर्षांच्या मुलाचा पिवळा टी-शर्ट. दुपारी गर्दी ओसरल्यावर ती बिलाच्या काउंटरवर अजिनाथकडं गेली.

"त्या बुधवारचं बारा चाळीसचं बिल काढून दे."

"कावून?"

"दे म्हनले ना."

अजिनाथनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि बिल शोधायला घेतलं. बिल निघालं. बिल करताना मोबाइल नंबर घ्यायचाच, अशी सक्ती होती. नंबरासोबत नाव आलं आणि सवलतीच्या कार्डामुळं पत्ताही. शाईस्ता. मोमीनपुरा, मशिदीच्या मागची गल्ली, यासीनच्या गॅरेजवर.

"मी दिलं म्हणून सांगू नको," अजिनाथ हळू आवाजात म्हणाला.

ती काउंटरला धरून उभी राहिली. पिवळा टी-शर्ट, कडेवरचं किरकिरं पोर, काळा बुरखा, चेहरा उघडा. ती बाई तिला चांगली आठवत होती. त्या अख्ख्या दिवसात एकटीनंच तर विचारलं होतं, ताई, बरं नाही का. आणि स्वप्नालीनं दुकानात कुणाजवळ काढला नव्हता तो शब्द तिच्याजवळ काढला होता. आई गेली. मग दोघी कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या आणि त्या बाईचा हात तिच्या हातावर होता. पुढच्या सगळ्या दिवसांत स्वप्नालीनं तेवढी एक गोष्ट जपून ठेवली होती. आईच्या मागं कुणी हात धरला असेल तर तो त्या अनोळखी बाईनं, असं तिनं वडिलांना फोनवर सांगितलंसुद्धा होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच ती मोमीनपुऱ्यात गेली. गॅरेजमध्ये यासीन स्कूटरखाली बसला होता. शाईस्ताभाभी कुठं आहेत, असं तिनं विचारलं तेव्हा त्यानं तेलकट हातानंच जिना दाखवला.

दार शाईस्तानंच उघडलं. तिनं स्वप्नालीला ओळखलं, आणि ओळखल्याबरोबर तिचा चेहरा पडला.

"या ना आत."

"बसायला न्हाई आले मी," स्वप्नाली म्हणाली. दुकानात असं बोललं की उत्तरेश्वर टोकायचा, भाषा नीट ठेव म्हणायचा. इथं तिला कुणी टोकणार नव्हतं. "माझी आई गेली म्हनून तुमाला सांगितलं मी. तुमी हात धरला माझा. आन् घरी येऊन लिवलं, हसली न्हाई म्हनून. पैसे मिळतेत त्याचे तुमाला?"

"मिळतेत," शाईस्ता म्हणाली.

"मग घ्या की. पर हात कावून धरला? तेबी फॉर्मात हुतं का?"

आत पोर झोपलं होतं. शाईस्तानं मधलं दार ओढून घेतलं. मग तिनं चटईवर बसून मोबाइल काढला.

"पर्समंदी मोबाइल चालू ठिवायला लावतेत ते," ती म्हणाली. "म्हंजे आपुन खरंच गेलतो का न्हाई ते कळावं म्हनून. रेकॉर्डिंग पाठवून देऊन झालं की पुसून टाक म्हनतेत. मी न्हाई पुसली. ऐकता का?"

"मला काय ऐकायचं त्यात. मीच हुते ना तितं."

"तरीबी ऐका."

तिनं मोबाइल चटईवर ठेवला. आधी दुकानातलं गाणं ऐकू आलं, मग हँगर सरकल्याचे आवाज, पोराची किरकिर. मग स्वप्नालीचा आवाज: नमस्कार मॅडम, आपलं स्वागत आहे. माप विचारलं, रंग विचारला. मग शाईस्ताचा आवाज, पर्सच्या जवळून असल्यामुळं मोठा: ताई, तब्येत बरी न्हाई का तुमची? डोळे लई सुजलेत.

आई गेली माझी. शनिवारी.

आणि मध्ये श्वास घेण्याइतकीही जागा न ठेवता तोच आवाज पुढं म्हणाला: यात निळा पण आहे, मॅडम. बाळाला खुलून दिसेल. दाखवू?

स्वप्नाली उभी होती ती भिंतीला टेकली. रेकॉर्डिंग पुढं चालूच होतं. निळ्याची किंमत, सेलची सवलत, कार्ड आहे का. दोघी कितीतरी वेळ उभ्या होत्या ती जागा तिला त्यात कुठं सापडेना.

"परत लावा," ती म्हणाली.

शाईस्तानं परत लावलं. आई गेली माझी, शनिवारी, यात निळा पण आहे. आवाज गोड होता. त्यात कुठं काही अडकलेलं नव्हतं.

"हसलात तुमी," शाईस्ता खाली बघत म्हणाली. "आई गेली म्हनलात आन् तसंच हसलात, दात दिसंपर्यंत. मी धरला तुमचा हात, पर तुमी तो सोडवून निळा टी-शर्ट काढलात. घरी येऊन फॉर्म उघडला. हसली का, तर हो किंवा न्हाई. दुसरं काही लिवायला जागा न्हाई त्यात. होवर बोट नेलतं मी. समदे गुण मिळाले असते तुमाला. पर दाबवंना. असल्या हसन्याला मी चांगलं कसं म्हनू?"

खाली गॅरेजमध्ये स्कूटर चालू झाली, दोनदा गुरगुरली आणि बंद पडली.

"दाबायचं हुतं," स्वप्नाली म्हणाली. आवाज चढला नाही. "तुमाला बघवलं न्हाई म्हनून मी पेन्सिल चावतीया रोज. बारा मानसांचं बक्षीस गेलं. माझ्यासंग कुनी जेवत न्हाई. तुमी दाबायचं हुतं."

"हां," शाईस्ता म्हणाली. "चुकलं आसंल माझं."

तिनं चहाचं विचारलं. स्वप्नालीनं नको म्हणून मान हलवली, चपला घातल्या आणि दोन पायऱ्या उतरून परत वळली.

"खरंच दात दिसले?"

शाईस्तानं होकारार्थी मान हलवली.

स्वप्नाली रिक्षा न करता चालत निघाली. बिंदुसरेच्या पुलावर ती थांबली आणि दोन्ही हातांनी गाल दाबून धरले, दाढ दुखणारं माणूस धरतं तसे. शिव्या देण्यासाठी जपून ठेवलेले सगळे शब्द तिच्याजवळ तसेच शिल्लक होते. ज्या बाईसाठी ते गोळा केले होते तिला ते लागू पडत नव्हते. कुणाला लागू पडतात, ते मात्र तिला आता हळूहळू दिसायला लागलं होतं. पुलावरून जाणाऱ्या एका म्हातारीनं विचारलं, "पोरी, काही व्हतंय का?" तिनं नाही म्हणून मान हलवली. हसली नाही. हसली नाही हे तिनं हात लावून तपासलं.

दुसऱ्या दिवशी उत्तरेश्वर पेन्सिलीऐवजी एक कागद घेऊन आला. चेहऱ्यावर सुटका दिसत होती.

"झालं बघ तुझं," तो म्हणाला. "व्हिडिओ चालला त्यांना. आता फक्त इथं, झालेली चूक स्वतःच्या शब्दांत लिहायची. मी हसले नव्हते, माझी चूक झाली, पुन्हा होणार नाही. दोन ओळी. फोटो काढून पाठवतो, विषय संपला."

स्वप्नालीनं काउंटरवर वाकून सावकाश लिहिलं, खाली पूर्ण नाव घातलं आणि कागद त्याच्यापुढं सरकवला. त्यानं वाचला. मग पुन्हा वाचला.

"होते लिहिलंयस तू," तो म्हणाला. "मी हसले होते, ती माझी चूक झाली. इथं नव्हते पाहिजे."

"होते."

"अगं, अर्थच उलटा होतोय."

"उलटा न्हाई. बरोबर हाय," ती म्हणाली. "आई गेल्याच्या चौथ्या दिवशी, आई गेली म्हनून सांगताना मी हसले, सर. रेकॉर्डिंग हाय. वरच्यांनीबी ऐकलं आसंल ते. पुन्हा न्हाई व्हायचं."

तिच्या 'हाय'ला आणि 'न्हाई'ला उत्तरेश्वरनं टोकलं नाही. सोमवारी दुपारी कुणी फोन केला होता ते त्याला आठवलं असावं, कारण तो कागदाकडं न बघता कागद धरलेल्या आपल्या बोटांकडं बघत होता. खिशातून त्यानं पेन काढलं, टोपण उघडलं. 'होते'मधला 'हो' खोडून वर 'नव्ह' लिहिण्यापुरती जागा होती.

जिन्यावरून एक बाई दोन लेकरांना घेऊन वर येत होती. स्वप्नाली मुलांच्या मजल्याकडं वळली. बाईसमोर जाऊन उभी राहिली आणि जसा होता तसाच चेहरा ठेवून तिनं विचारलं,

"काय पायजे, ताई?"

"शाळंसाठी साधे दोन सदरे," बाई म्हणाली.

मागं टोपण बंद झाल्याचा आवाज आला, आणि मग थोड्या वेळानं मोबाइलनं फोटो काढल्याचा. स्वप्नालीनं वळून पाहिलं नाही. ती मापाची पट्टी घेऊन थोरल्या लेकराच्या खांद्याशी वाकली.