तीन मिनिटांची घंटी

मी टेबलावरची घंटी बोलतेय. पितळेची, वाटीएवढी. डोक्यावर बोट दाबलं की टिंग करायचं, एवढंच मला येतं. तेही आता घोगरं झालंय.

कुठे ओतली गेले, आठवत नाही. बोटीतून हवाई बेटावर आले आणि शाळेत पडले. कुणी पोर घरच्या हवाईअन भाषेत बोललं, की मास्तर मला वाजवायचे. पोर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मग बरीच वर्षं अडगळीत गेली.

बाहेर निघाले तेव्हा लोक म्हणाले, कायदा झालाय, हवाईअन आता सरकारची भाषा. बरं वाटलं मला. मग मला पाणीवाटपाच्या सरकारी सुनावणीत टेबलावर ठेवलं. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं, संपली की मी वाजायचं. दुभाषी मिळते, पण तिचं बोलणंही त्याच तीन मिनिटांत.

परवा नाहिनू आजोबा आले. वरच्या हॉटेलवाल्यांनी ओढा अडवलाय, खाली आजोबांच्या खाचरात अळूचे कांदे सडतायत. पाणी सोडा, एवढंच मागायचं होतं.

मला वाजवणारी उइलानी बाई म्हणाली, "आजोबा, इंग्रजी येतं ना? मग कशाला जिवाला त्रास?"

"येतं की. दुकानात तेच बोलतो. पण हा ओढा माझ्या आज्याचा. त्याच्याशी मी कधी इंग्रजी बोललो नाही."

उभे राहिले. आमच्याकडे कामाचं बोलण्याआधी आपण कोण ते सांगतात. आधी डोंगराचं नाव, मग ओढ्याचं, मग बाप, आजा, पणजा. आजोबा एकेक नाव सावकाश घेत होते. दुभाषी एकेक नाव इंग्रजीत सांगत होती. खापरपणजीपाशी पोचले आणि उइलानीचं बोट माझ्यावर आलं.

टिंग.

"पाण्याचं राहिलंच की," आजोबा म्हणाले.

"लेखी द्या," अध्यक्ष म्हणाले. "पुढचे कोण?"

कागदावर नोंद झाली: नाहिनू यांनी स्वतःची ओळख करून दिली. पाण्याबाबत म्हणणे नाही.

जाताना आजोबांनी पुढच्या महिन्यासाठी नाव लिहिलं. उइलानी हळूच म्हणाली, "या वेळी पूर्वज जरा कमी करा हो."

"बरं. कुणाला गाळू, तूच सांग."

तिने नावांची वही मिटली.

मी थकलेय, बाई. मला हात नाहीत, तुला आहेत. पुढच्या महिन्यात ते उभे राहिले की तुझा हात जरा मांडीवर ठेव.