न कापलेली पानं

ऑर्विल हॅस्केट यांची एकवीस पुस्तकं मी टाइप केली. व्हेलची शिकार, बर्फातलं सोनं, मुष्टियोद्धे, अगदी मंगळावरची लढाईसुद्धा. जहाजावर आणि खाणीत ते तरुणपणी खरोखर राबले होते. गोष्टीतलं वाळवंट मात्र त्यांनी माझ्यासमोर, पाय टेबलावर टाकून ओलांडलं. रोज सकाळी आठ पानं, मग दिवसभर काही नाही. सोनोमाच्या त्या टेकडीवर आम्हा दोघांकडे कुणी फिरकायचं नाही, आणि आम्हाला एकमेकांशी गप्पा मारायचीही अक्कल नव्हती.

प्रत्येक पुस्तकाची पहिली प्रत खाडीपलीकडे ओकलंडला त्यांच्या मुलीकडे जायची. इडा सात वर्षांची असताना ते घर सोडून जहाजावर गेले होते. त्या घराचं दार त्यांना पुन्हा उघडलं नाही. एकविसाव्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्यांनी तीनदा फाडलं. त्यात म्हातारा कप्तान मुलीची माफी मागतो. तिचे लहानपणीचे लाल रबरी बूट त्याने दाराशी जपून ठेवलेले असतात. ते बूट आमच्याच दाराशी होते. टाइप करताना मी नाक ओढत होते, तर ते विचारतात, "सर्दी झाली का गं, हुल्डा?"

पुस्तक गेलं. दोन वर्षं उत्तर नाही.

"तिने वाचलं आणि 'नाही' म्हणाली," ते म्हणायचे.

शेवटी मी चिडले. "अहो, जगाला शूरपणा शिकवता, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर जायला पाय लटपटतात तुमचे?"

मग आम्ही फेरीबोटीने खाडी ओलांडून गेलो. इडाने नीट बसवून घेतलं. फडताळात एकवीसच्या एकवीस पुस्तकं ओळीने लावलेली.

"छान असतात हं, बाबा. सगळी वाचते मी," असं म्हणून ती कॉफी करायला आत गेली.

त्यांनी शेवटचं पुस्तक काढलं. पानं कडेला जोडलेलीच, छापखान्यातून आली तशी. वाचायचं तर आधी चाकूने कापावी लागतात. तिने एकही कापलं नव्हतं. दुसरं काढलं, तेही तसंच.

मला तिचा संताप आला. त्यांचा चेहरा मात्र उजळला. ती 'नाही' म्हणालीच नव्हती ना! खिशातला चाकू काढून त्यांनी फक्त शेवटच्या प्रकरणाची पानं कापली आणि पुस्तक जागेवर ठेवलं.

"आणि बाकीची?" मी कुजबुजले.

"बाकी सगळ्या थापा आहेत गं."

त्यानंतर ते रोज उन्हातान्हात पत्रपेटीपर्यंत जाऊन यायचे. ऑक्टोबरात एका सकाळी तिसऱ्या पानावर त्यांचा हात थांबला, तो थांबलाच.

अंत्यविधीला इडा आली, सगळ्यांच्या मागे उभी राहिली. केवढं धाडसी आयुष्य, असं बोलून बडी मंडळी निघून गेली. मग ती माझ्याजवळ आली. हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"मिस नॉरगार्ड, ते लाल बूट... खरंच आहेत?"

"आहेत. दर शनिवारी पुसते मी."

"मी परवाच वाचलं हो," ती म्हणाली. मला तिच्यावर रागावता आलं नाही.