तांबरीचं उथळ पाणी

माघ सरत आला होता. तांबरी नदीचं निळसर, निवांत, नितळ पाणी खडकांच्या कडेकडेनं वाहत होतं. काठच्या पांगाऱ्यांवर एक पान उरलं नव्हतं, आणि त्या निष्पर्ण फांद्यांच्या टोकांना रक्तवर्ण फुलांचे तुरे झुलत होते. पूर्वेच्या डोंगरावरून उतरणारं केशरी ऊन आधी शेंड्यांना शिवलं, मग वाळूला, मग पाण्याला. धुकं रेंगाळत रेंगाळत उठलं. असूळच्या भोईवाडीत चुली पेटल्या.

गजराच्या पोटातही काहीतरी पेटलं. मत्सरच तो, त्याला दुसरं गोंडस नाव देण्यात अर्थ नाही.

समोर गुडघाभर पाण्यात तिचा नवरा केरबा उभा होता, आणि बोलत होता. वीस वर्षांच्या संसारात ‘मीठ कमी हाय’ आणि ‘जाळं कुठं ठेवलंस’ यापलीकडे ज्याची जीभ सहसा गेली नाही, तो मितभाषी, मुखदुर्बळ केरबा आज ओढ्यासारखा खळखळत होता. आणि ऐकत होती शाल्मली, शहरातून आलेली, धरणाचा अभ्यास करणारी म्याडम.

नदीच्या वरच्या अंगाला, पाच कोसांवरच्या खिंडीत, धरण व्हायचं होतं. त्याआधी नदीचं काय होईल, माणसांचं काय होईल, हे पाहायला शाल्मलीला धाडलं होतं. भोईवाडी धरणाच्या खाली होती. ती बुडणार नव्हती. तिला भीती होती ती कोरडं पडण्याची. उन्हाळ्यात धरणातून खाली किती पाणी सोडायचं, हे शाल्मलीच्या अहवालावरून ठरायचं होतं. म्हणून ती मोजत होती. पाणी मोजत होती, मासे मोजत होती, माणसांच्या तोंडचे शब्द वहीत उतरवत होती.

केरबा तिला डोह दाखवी. हा राणीचा डोह, तो भांड्यांचा, पलीकडचा तो जावळाचा. मरळ कुठल्या कपारीत दडते, वाम कुठल्या चिखलात निजते, आषाढाच्या पुरात कुठला मासा कुठवर चढतो, सारं सारं सांगे. मोजणीची पिवळी फीत दोघांनी धरलेली असे, एक टोक तिच्या हाती, दुसरं त्याच्या हाती. मधे सगळी नदी होती, तरी गजराला ती फीत फार आखूड वाटे. म्याडमची जड पिशवी केरबाच्या खांद्यावर असे. गजराची घागर त्या खांद्यावर कधी चढली नव्हती.

तशी शाल्मली काही अप्सरा नव्हती. उन्हानं रापलेली, नाकाचं सालपट निघालेली, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. गजरानं तिच्यात खोडी शोधल्या आणि तिला त्या भरपूर सापडल्या, आणि त्यामुळेच तिचा जळफळाट वाढला. केरबाला भुरळ रूपाची पडली नव्हती. ती बाई ऐकत होती, मन लावून ऐकत होती, त्याचीच भुरळ होती. आपण कधी याचं असं ऐकलं का, असा एक प्रश्न गजराच्या मनात डोकावला. तिनं तो तिथंच दाबून टाकला.

आता भोईवाडीची एक रीत सांगायला हवी. डोह पुरुषांचे, उथळ पाणी बायकांचं. भर दुपारी, पुरुष सावलीत कलंडले की, दोन डोहांच्या मधल्या त्या घोटाभर, चकाकत्या, चंचल पाण्यात बायका उतरत. पायाच्या बोटांनी वाळू चाचपत, शिंपल्या वेचत. त्या वाळूच्या प्रत्येक पट्ट्याला नाव होतं, आणि नवी सून पहिल्यांदा पाण्यात उतरली की सासू ती नावं तिच्या कानात सांगे. पुरुषांसमोर त्यांचा उच्चार होत नसे. पुरुष शिंपल्यांचं कालवण ओरपत, बोटं चाटत, आणि ते कुठून आलं हे विचारत नसत.

फाल्गुन लागला, पळसांनी डोंगरउतार लाल केले, आणि एका सकाळी शाल्मली वही घेऊन गजराच्या अंगणात बसली. चौदा घरच्या बायका गोळा झाल्या. केरबा दारात उभा राहिला, आपली ओळखीची पाहुणी आल्याच्या थाटात.

“नदीत तुम्ही बायका काय काम करता?” शाल्मलीनं विचारलं.

गजरानं एकदा दाराकडे पाहिलं. केरबाच्या चेहऱ्यावर हसू होतं. ते तिच्यासाठी नव्हतं.

“काय न्हाई,” गजरा म्हणाली. “आमचा काय संमंध नदीशी?”

वाडीत बायकांचा कारभार गजराकडे. तिनं म्हटलं ते बाकीच्यांनी म्हटलं. आणखी तेरा वेळा ‘काय न्हाई’ लिहिलं गेलं. केरबाही काही बोलला नाही, कारण शिंपल्या वेचणं हे काम आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

नावं सांगायची नाहीत, ही रीत खरी. पण आम्ही शिंपल्या वेचतो, एवढं म्हणायला कुणाची आडकाठी होती? गजरानं म्हटलं नाही. त्या वहीत केरबाच्या शब्दांशेजारी तिला आपले शब्द ठेवायचे नव्हते.

चैत्र आला, करंजांना पोपटी, पारदर्शक, पाणीदार पालवी फुटली. ग्रामपंचायतीपुढे मांडव पडला आणि धरणाची जनसुनावणी भरली. समोर साहेब, बाजूला कर्णा, मधे शाल्मली. तिनं अहवाल सोप्या मराठीत वाचला. तांबरीचे अकरा डोह भोयांच्या पोटाचा आधार आहेत. ते उन्हाळाभर भरलेले राहतील एवढं पाणी धरणानं सोडावं. केरबाची छाती फुगली.

“दोन डोहांमधला उथळ पट्टा उन्हाळ्यात कोरडा पडेल,” शाल्मली पुढं वाचत होती. “त्या पट्ट्यात माणसांचा काही वापर आढळला नाही.”

गजराच्या पायांखालची वाळू सरकली. तिचेच दोन शब्द होते ते, अंगणात फेकलेले, कागदावर उगवून आलेले. तिच्या मत्सरानं नदीचा अर्धा भाग वाळवून टाकला होता. बायकांची नदी, सासवांनी सुनांच्या हवाली केलेली नदी, एका सकाळच्या फणकाऱ्यात गेली होती. मांडवात तेरा बायका गजराच्या तोंडाकडे बघत होत्या.

ती उठली. पदर खोचला.

“म्याडम, म्या खोटं सांगितलं तुमास्नी. त्या उथळ पान्यात आमी चौदा घरच्या बायका रोज आस्तो. शिंपल्या येचतो. ज्या दिशी जाळं मोकळं येतंय, त्या दिशी पोरं त्येच्यावरच जेवत्यात.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?” साहेबांनी विचारलं.

गजरानं केरबाकडे बोट केलं. “ह्यो माझा दादला. वीस वर्सं माझ्याशी धड बोलला न्हाई. म्याडमशी मातूर रोज बोलत व्हता. माझ्या पोटात दुखलं, म्हनून न्हाई सांगितलं.”

मांडव खो खो हसला. केरबाची मान छातीला टेकली. शाल्मली मात्र हसली नाही. “चूक माझीही आहे,” ती साहेबांना म्हणाली. “दारात पुरुष उभे असताना मी बायकांना विचारलं.”

साहेबांनी पंधरा दिवस दिले. जागा दाखवा, मोजा, नकाशावर नावानिशी दाखल करा. नावं नसतील तर पट्टा अहवालात धरता येणार नाही.

नावानिशी, म्हणजे रीत मोडायची. संध्याकाळी चौदा जणी पारावर जमल्या. सगळ्यांत थोरली तान्हाई बोलली.

“सांग गजरा. पानीच न्हाई ऱ्हायलं, तर नावं कुनाच्या कानात सांगशील?”

दुसऱ्या दिवशी दुपारी, शुभ्र, स्तब्ध, प्रखर उन्हात, गजरा पाण्यात उतरली. पुरुषांना काठावर थांबायला सांगितलं होतं. शाल्मलीनं बूट काढले, ती अनवाणी मागून आली, बोटांनी वाळू चाचपू लागली. पहिली शिंपली सापडली तेव्हा ती लहान मुलीसारखी हरखली. गजरानं तिच्या कानाशी तोंड नेलं आणि पहिलं नाव सांगितलं. लेकुरवाळी. मग दुसरं, आत्याबाईची ओटी. मग तिसरं, बोलकी वाळू. नकाशावर पेन्सिल फिरत राहिली.

काठावर केरबा उभा होता. मान लांबवून, डोळे बारीक करून, ओठांची हालचाल वाचू पाहत. सारी हयात याच पाण्यात काढली, आणि आपल्या नदीला आपल्याला ठाऊक नसलेली नावं आहेत, आपल्या बायकोच्या जिभेवर आहेत, आणि ती परक्या बाईच्या कानात जात आहेत. त्याचा चेहरा काळवंडला. तो पाण्याच्या कडेपर्यंत आला आणि थबकला.

गजरानं तो चेहरा पाहिला. तिला तो ओळखायला वेळ लागला नाही. दोन महिने तिनं तो स्वतः वागवला होता. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं. ते सुख तिनं पुरतं चाखलं.

मग ती सरळ उभी राहिली. चौथं नाव तिनं कानात सांगितलं नाही. आवाज चढवून, काठावर लख्ख ऐकू जाईल अशा मोकळ्या गळ्यानं म्हटलं, “सुनंचा उंबरा.” पाचवंही तसंच. सहावंही. ती एकेका पट्ट्यावर पाय ठेवत गेली, नाव घेत गेली, आणि एकदाही तिनं वळून पाहिलं नाही. काठावर केरबा वाळूत खाली बसला. घोट्याएवढी तांबरी गजराच्या पावलांवरून वाहत राहिली, उन्हातून, वाळूतून, नावानावांतून.